मोडेम तुझा, तार त्यांची

प्रश्न : नमस्कार काका. आम्ही पुण्याहून ब्रॅम्प्टनला आलो आणि सध्या एका बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो. मोठ्या केबल कंपनीचं बिल झेपेना, म्हणून एका छोट्या कंपनीचं इंटरनेट घ्यायचं ठरवलं. मित्राने देश सोडताना दिलेला मोडेम घरात पडून आहे. छोटी कंपनी म्हणते, 'हा यादीत नाही, आमच्याकडून नवीन घ्या.' म्हणजे सरळ गळा कापायचाच धंदा ना? आणि तार मोठ्या कंपनीचीच असेल, तर ही छोटी कंपनी नक्की देते तरी काय? पुण्यात असलं काही ऐकलं नव्हतं.
– एक वाचक, ब्रॅम्प्टन

उत्तर : अगं, छोट्या कंपनीवर एवढी चिडू नकोस. ती यादी तिने केलेलीच नाही. ज्या मोठ्या कंपनीला तू सोडून निघालीस, तिनेच ती केली आहे.

भिंतीतून येणारी ती काळी जाड केबल मोठ्या कंपनीची. छोटी कंपनी तिच्यावरची वाट घाऊक भावाने घेते, ठरलेल्या ठिकाणी तुझा डेटा आपल्या ताब्यात घेते आणि तिथून पुढचं इंटरनेट, बिल, फोनवरची मदत हे सगळं स्वतः बघते. घाऊक भाव सीआरटीसी ही इथली, म्हणजे कॅनडाची, दूरसंचार नियामक संस्था ठरवते. पुण्यात हे ऐकलं नव्हतंस, कारण तिथला केबलवाला खांबावरून स्वतःचीच तार ओढतो. ट्राय या भारतातल्या दूरसंचार नियामकाने २००४ मध्ये टेलिफोनच्या तांब्याच्या तारा इतरांना खुल्या करण्याची शिफारस केली होती. त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणात सक्ती काही आली नाही.

आता मोडेम. केबलवर शेजारपाजारची बरीच घरं एकाच तारेवर असतात आणि सगळ्यांचे मोडेम अपलोडसाठी त्याच फ्रिक्वेन्सी वाटून घेतात. एखादा मोडेम बिघडून भलतंसलतं बरळायला लागला, तर त्रास आख्ख्या गल्लीला. म्हणून केबल कंपनी मॉडेल आणि त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, तपासून यादीत घालते, हे मला पटतं. या धंद्यात तारा जोडण्यापासून सुरुवात केलेला माणूस आहे मी, असले मोडेम पाहिलेत. पटत नाही ते पुढचं : परीक्षा घेणाराच प्रतिस्पर्धी आहे. स्वतःच्या गिऱ्हाइकाला तो नवा डबा कधीही देऊ शकतो. छोट्या कंपनीने आणलेल्या मॉडेलची तपासणी रखडली, तर तोटा फक्त तिचा.

मित्राचा डबा उलटा करून स्टिकर बघ. त्यावर मोठ्या कंपनीचं नाव असेल, तर तो बहुतेक भाड्याचा आहे, मित्राने परत करायचा राहिलेला. तो छोट्या कंपनीकडे चालणार नाही. नाव नसेल, तर मॉडेल आणि मॅक ॲड्रेस, म्हणजे मोडेमची ओळख पटवणारा क्रमांक, छोट्या कंपनीला कळव. तोच पत्ता पुढे केबल कंपनीकडे नोंदवावा लागतो, त्याशिवाय मोडेम लाइनवर येत नाही. विकतच घ्यायची वेळ आली, तर डॉक्सिस ३.१ चा घे. डॉक्सिस म्हणजे केबल मोडेमचं तंत्र, पुढचा आकडा त्याची पिढी. जुना ३.० स्वस्तात मिळतो, पण पुढे वेग वाढवायचा म्हटलं की पुन्हा खर्च.

आणि मोडेमचा खर्च एकदाच होतो गं. खरी मारामारी घाऊक भावाची आहे. २०११ च्या सुरुवातीला छोट्या कंपन्यांना वापराप्रमाणे आकारणी करण्याचा सीआरटीसीचा निर्णय आला, तेव्हा लाखो लोकांनी निषेधाच्या सह्या केल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सीआरटीसीने पद्धत बदलली : छोट्या कंपनीने लागेल तेवढी क्षमता विकत घ्यायची. २०१६ मध्ये हंगामी दर उतरवले. ऑगस्ट २०१९ मध्ये अंतिम दर आणखी खाली आणले, तेही २०१६ पासून लागू. टेकसॅव्हीसारख्या छोट्या कंपन्यांनी ग्राहकांचे भाव लगेच कमी केले. मोठ्या कंपन्या कोर्टात गेल्या, स्थगिती मिळवली. २०२० मध्ये अपिलाच्या कोर्टात हरल्याही. तरी मे २०२१ मध्ये सीआरटीसीने स्वतःच घूमजाव केलं आणि थोड्याफार फरकाने २०१६ चेच दर कायम केले. छोट्या कंपन्यांचं कोर्टात जिंकून घरी हरणं म्हणतात ते हेच. त्यानंतर छोट्या कंपन्या एकेक करून विकल्या जाऊ लागल्या : ईबॉक्स आणि डिस्ट्रिब्युटेल बेल या बड्या टेलिफोन कंपनीने घेतल्या, ऑक्सिओ कोजेको या केबल कंपनीने. तेव्हा नावावर जाऊ नकोस, मालक कोण ते आधी बघ.

तुमच्या गल्लीत फायबर असेल, तर तोही विचार. नोव्हेंबर २०२३ मध्ये सीआरटीसीने बेल आणि टेलस या टेलिफोन कंपन्यांना ऑन्टॅरिओ आणि क्वेबेकमधलं घरापर्यंतचं फायबर प्रतिस्पर्ध्यांना द्यायला लावलं, आणि फेब्रुवारी २०२५ पासून हा नियम देशभर आला. ऑगस्ट २०२४ नंतर टाकलेलं नवं फायबर मात्र पाच वर्षं यातून सुटलेलं. गंमत अशी, की पश्चिमेकडचा टेलसही याच सवलतीत बेलच्या तारेवरून ऑन्टॅरिओत विक्री करू लागला. त्यावर बरंच रणकंदन झालं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळानेही ते चालू ठेवलं. माझ्या मते सवलत लहानांसाठी होती, त्या ताटावर टेलसला बसवायला नको होतं. फायबरवर निदान तुझ्या डब्याची भानगड नाही. भिंतीवरचं टोकाचं यंत्र तारेचा मालकच लावून जातो.

प्रश्न : छोट्या कंपनीचे इंटरनेट रोज संध्याकाळी तुटते. ती म्हणते, लाइन खराब आहे. केबल कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला, मोडेम खराब आहे. मी निवृत्त शिक्षक, कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, स्कारबरो

उत्तर : सर, दोघांचंही ऐकू नका, मोडेमलाच विचारा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाका, बहुतेक केबल मोडेम त्या पानावर आपले आकडे दाखवतात. डाउनस्ट्रीम पॉवर, म्हणजे मोडेमपर्यंत येणाऱ्या सिग्नलचा जोर, शून्याच्या आसपास हवी. उणे दहाच्या खाली असेल तर सिग्नल क्षीण आहे. अपस्ट्रीम, म्हणजे मोडेमकडून जाणाऱ्या सिग्नलची पॉवर, पन्नाशीला टेकली असेल, तर मोडेम बहिऱ्याशी बोलल्यासारखा ओरडतोय असं समजा. दुपारी आणि संध्याकाळी नेट तुटताना असे दोन फोटो काढून ठेवा.

मग तळघरात जाऊन तार हाताने चाचपत या. जुन्या टीव्हीसाठी लावलेला स्प्लिटर, म्हणजे एका तारेच्या दोन-चार तारा करणारा तुकडा, हमखास सापडतो. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये साधारण साडेतीन डेसिबल सिग्नल वाया जातो, चार तोंडांच्या स्प्लिटरमध्ये सातच्या आसपास. टीव्ही लागत नसेल तर तो काढून सरळ जोडणी करा. पिन वाकडी असेल किंवा टोक हिरवं पडलं असेल, तर ते टोक बदलून घ्या.

एवढं करूनही आकडे खराबच राहिले, तर फोटो जोडून छोट्या कंपनीला लेखी कळवा आणि केबल कंपनीचा माणूस पुन्हा बोलवायला सांगा. तुम्ही स्वतः त्यांना बोलावू शकत नाही. टाळाटाळ झाली, तर सीसीटीएस या तक्रार मंडळाकडे जा, ग्राहकाला पैसे पडत नाहीत. तक्रार छोट्या कंपनीच्याच नावाने करा, कारण बिल तिचं आहे. केबल कंपनीशी काय ते तिने निस्तरावं.