वाचकांचे प्रश्न : स्लिक टायर लावल्यावर मागच्या अ‍ॅक्सलचे काय?

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा असून नोकरीनिमित्त मिशिगनमध्ये राहतो. दोन मित्रांसह घरच्या गॅरेजमध्ये १९९० सालची फोर्ड मस्टँग पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीसाठी तयार करीत आहे. इंजिनाचा टॉर्क सुमारे ४०० फूट-पाउंड, म्हणजे ५४० न्यूटन-मीटर असून चालकासह वजन १४५० किलोच्या आसपास आहे. आजवर साध्या टायरांवर मूळचा ८.८ इंची (आतल्या क्राउन या मोठ्या दातेरी चाकाच्या व्यासावरून हे नाव) अ‍ॅक्सल बिनतक्रार चालला. आता २८ इंच व्यासाचे स्लिक (नक्षी नसलेले, घट्ट पकडीचे) टायर आणि फोर्डचा सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लावायचा आहे. मित्र म्हणतात, नऊ इंची अ‍ॅक्सलच घे. ते योग्य आहे का, आणि क्राउन-पिनियनचे (अ‍ॅक्सलमधील मोठ्या व लहान दातेरी चाकांच्या जोडीचे) गुणोत्तर किती ठेवावे?
– एक वाचक, मिशिगन

उत्तर : आपला अ‍ॅक्सल आजवर टिकला, याचे श्रेय त्याच्या मजबुतीपेक्षा साध्या टायरांना अधिक आहे. अ‍ॅक्सलवर येणारा ताण शेवटी टायर जमिनीला किती धरतो यावर ठरतो. टायर जागच्या जागी फिरला की जास्तीचा टॉर्क तिथेच वाया जातो आणि घरातल्या फ्यूजप्रमाणे तो पुढचे सुटे भाग वाचवतो. स्लिक लावणे म्हणजे हा फ्यूज काढून टाकणे होय. सी-४ चा पहिला गिअर २.४६ आणि क्राउन-पिनियन ४.१० धरल्यास ४०० फूट-पाउंडाचे सुमारे ४,००० होतात, आणि सुटण्याच्या क्षणी टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांमधील तेलाची जोडणी) त्यांची जवळजवळ दुप्पट करतो. म्हणून पैसे हातात असतील तेव्हा खरेदी मागून पुढे करीत यावे. आधी अ‍ॅक्सल, मग प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधून अ‍ॅक्सलकडे शक्ती नेणारा दांडा) आणि शेवटी गिअरबॉक्स. बहुतेक जण नेमके उलट करतात.

नऊ इंची अ‍ॅक्सल (फोर्डने तो १९५७ सालच्या गाड्यांपासून दिला) अतिशय दणकट आहे, यात शंका नाही. त्याच्या पिनियनला तिसऱ्या बेअरिंगचा आधार असतो आणि क्राउन-पिनियनचा संच पुढून उघडून बाहेर काढता येतो, त्यामुळे गुणोत्तर बदलणे सोपे जाते. परंतु त्याचा पिनियन क्राउनच्या मध्यापासून बराच खाली असल्याने दात एकमेकांवर अधिक घासतात आणि थोडी शक्ती तिथे खर्च होते. आपल्या शक्तीच्या गाडीला ८.८ इंची अ‍ॅक्सल नीट सुधारून घेतल्यास पुरेल, असे आमचे मत आहे. चाके फिरवणारे मूळचे २८ स्प्लाइनचे (टोकावरच्या दात्यांचे) शाफ्ट काढून ३१ स्प्लाइनचे, शर्यतीसाठी बनवलेले शाफ्ट घालावेत आणि मधल्या ओतीव हौसिंगमध्ये (आवरणात) दाबून बसवलेल्या नळ्या जाणकार वेल्डरकडून पक्क्या करून घ्याव्यात, कारण जोरदार सुटताना त्या हौसिंगमध्ये फिरू शकतात. या अ‍ॅक्सलमध्ये शाफ्ट आतल्या टोकाला केवळ एका सी-क्लिपने अडकलेला असतो. शाफ्ट तुटला तर तो चाकासह बाहेर सरकतो. ही क्लिप काढून शाफ्ट बाहेरच्या टोकाला धरून ठेवणारी जोडणी बसवणे हा खर्च टाळण्याजोगा नाही. डिफरन्शियलऐवजी स्पूल बसवून दोन्ही चाके कायमची जखडणार असाल, तर शर्यतीसाठीचे शाफ्ट आणि अशी जोडणी एनएचआरए या अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या नियमांनुसार सक्तीचीच आहे. स्पूल लावलेली गाडी मात्र रोजच्या रस्त्यावर नेऊ नये. वळणावर टायर खरवडले जातात आणि शाफ्ट पिळले जातात.

गुणोत्तर ठरवताना अंदाजावर न जाता हिशेब करावा. ताशी मैलांतील वेगाला गुणोत्तराने आणि ३३६ ने गुणून टायरच्या इंचांतील व्यासाने भागले की इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे मिळतात. आपल्या वजन-शक्तीला अंतिम रेषेवर ताशी १२० मैल अपेक्षित धरले, तर ४.१० वर ५,९०० फेरे येतात आणि कन्व्हर्टरची सुमारे पाच टक्के घसरण धरता ६,२०० होतात. ३.७३ वर हाच आकडा ५,६५० च्या आसपास आणि ४.५६ वर ६,९०० राहील. आपल्या इंजिनाची कमाल शक्ती ६,००० च्या जवळपास मिळत असेल, तर ४.१० घ्यावे. आधी क्राउन-पिनियन घेऊन मग टायरचा व्यास बदलणारे अनेक जण हा खर्च दोनदा करतात.

प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे वळणारे सांधे) १३१० मापाचे असल्यास त्याहून मोठे १३५० चे घ्यावेत. पुढच्या क्रॉसजवळ शाफ्टभोवती लोखंडी कडे हवेच. स्लिक लावलेली आणि १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर पाव मैल कापणारी गाडी त्याशिवाय तपासणीत पुढे सरकत नाही. पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्ट जमिनीत रुतून गाडी उचलली जाऊ शकते, हे त्यामागचे कारण आहे. आपली गाडी ११.४९ सेकंदांच्या आत येण्याची शक्यता दिसते. तेव्हा त्या वेळेला नियमाने लागणाऱ्या रोल बारचे (गाडी उलटल्यास चालकाला वाचवणाऱ्या लोखंडी चौकटीचे) पैसेही आत्ताच बाजूला काढावेत.

प्रश्न : ड्रॅग गाड्यांत दोनच गिअरचा पॉवरग्लाइड गिअरबॉक्स लोकप्रिय आहे, असे वाचले. अधिक गिअर अधिक चांगले नव्हेत का?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : प्रत्येक गाडीसाठी नव्हेत. शेव्हरोलेच्या या गिअरबॉक्सचा पहिला गिअर १.७६ किंवा १.८२ असतो, त्यामुळे सुटताना चाकावर तुलनेने कमी टॉर्क जातो आणि भरपूर शक्तीच्या हलक्या गाडीचे टायर घसरत नाहीत. गिअर एकदाच बदलावा लागतो, म्हणून प्रत्येक फेरीची वेळ जवळपास सारखी येते. वरच्या पत्रातील मस्टँगसारख्या जड आणि मध्यम शक्तीच्या गाडीत मात्र पॉवरग्लाइड लावला, तर ती सुरुवातीलाच मंद वाटेल. तिला तीन गिअरचा सी-४ च बरा.