हगादेतलं मराठी

प्रिय बाळा,

तुझा निरोप दोनदा वाचला. ‘आई, यंदा पेसाहचा सेदर, म्हणजे ज्यू लोकांच्या मिसरमधून (इजिप्तमधून) सुटकेच्या सणाचं रात्रीचं जेवण, पहिल्यांदाच आमच्याकडे आहे. सासरची माणसं मोरोक्कोची ज्यू, मराठी कुणालाच कळत नाही. त्या रात्री हगादा, म्हणजे सुटकेच्या गोष्टीचं पुस्तक, हिब्रूत वाचताना आपण घरी मधेमधे मराठी वाचतो ते का? आणि मी ते ठेवू की गाळू?’

ठेव. सगळं नको, तीन जागी पुरे.

सुरुवातीला मात्सा, ती बिनखमिराची भाकर, उचलून म्हणतात ते ‘हा लहमा अन्या’ आठव. ते हिब्रू नाहीच, अरामी आहे. ते रचलं त्या काळी आपले लोक घरात अरामी बोलायचे, आणि ‘ज्याला भूक लागली असेल त्यानं यावं, जेवावं’ हे आमंत्रण ज्याला द्यायचं त्याला कळायला नको का? मिश्नातही, म्हणजे धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथातही, सांगितलंय की मुलाची समज जेवढी, तेवढं बापानं त्याला शिकवावं. म्हणून आपल्या माणसांनी, कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनी, हगादा मराठीत आणली. १८४६ साली मुंबईत मराठीसकट हगादा छापली गेली, १८७४ साली पुण्यात. पुण्याच्या हगादेतली चित्रं तू लहानपणी बोट ठेवून बघायचीस. लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्सा लाटतायत, भाजतायत. मिसरमधून सुटण्याची गोष्ट, पण बायका आपल्या आजीसारख्या बसलेल्या! अलिबाग-पेणकडच्या आपल्या जुन्या माणसांना पेसाह हा शब्दही नव्हता, ती याला अनाशी ढाकायचा, म्हणजे आंबट रसाचं भांडं झाकून ठेवायचा सण म्हणत.

तेव्हा पहिली जागा हीच, ‘हा लहमा अन्या’. आधी अरामीत म्हणा, मग मराठीत तू वाच: ‘ही गरिबीची भाकर. आपल्या वाडवडिलांनी मिसर देशात खाल्ली ती ही.’ त्यांच्यासाठी हिब्रूत एका वाक्यात सांग, बास.

दुसरी जागा देवानं मिसरवर आणलेल्या दहा संकटांची. आजोबा मनुका भिजवून काढलेल्या सरबतात बोट बुडवून एकेक थेंब ताटलीत टाकायचे आणि मराठीत नाव घ्यायचे. रक्त. बेडूक. उवा. टोळ म्हणताना आवाज खाली यायचा, अंधार म्हणताना आणखी खाली. थोरल्या मुलांचा मृत्यू आला की क्षणभर थांबायचे. मी विचारलं होतं तेव्हा म्हणाले, ‘ती मुलंसुद्धा कुणाची तरी होती, म्हणून आपला पेला थोडा रिकामा करायचा.’ हे सासरच्या मुलांना नक्की सांग. त्याला भाषांतर लागत नाही, थेंब दिसतो.

तिसरी ‘दयेनू’ हे गाणं. मराठीत ‘तेवढंही पुरे झालं असतं’ असं सगळ्यांनी एकदमच म्हणायचं. दोन ओळींत लहान मुलं शिकतात.

ब्राखा (आशीर्वाद), किद्दूश (पेल्यावरची प्रार्थना), हल्लेल (स्तुतिगीतं) हिब्रूतच राहू दे, ते सगळ्यांचं आहे. ‘मा निश्तना’, म्हणजे ‘ही रात्र वेगळी का’ हे प्रश्न, सर्वांत धाकट्यालाच म्हणू दे, पाठ नसेल तर शेजारी बसून म्हणून घे. समुद्रावर मिसरी लोकांवर किती संकटं आली, पन्नास, दोनशे की अडीचशे, हा रब्बींचा (धर्मपंडितांचा) हिशोब मात्र झटपट उरक. पोरं भुकेलेली असतात आणि गोष्ट तिथे अडकते.

आणि सासूबाईंना आधी विचार. मोरोक्कोच्या घरांतून सेदरचं ताट डोक्यांवरून फिरवत ‘बिभिलू’ गातात, काही भाग त्यांच्या अरबीतही म्हणतात. त्यांनाही जागा ठेव. त्यांनी अरबीत वाचलं आणि तू मराठीत, तर कुणाला पाहुण्यासारखं बसावं लागणार नाही. मला तर ते ऐकायला फार आवडेल.

हरोसेतचा, म्हणजे सेदरच्या ताटातल्या गोड पाकाचा, खजूर आदल्या रात्रीच भिजत घाल. सकाळी उकळून जाड फडक्यातून पीळ, मग मंद आचेवर आटव. घाई केलीस की बुडाला लागतो. भात आपण पेसाहला खातो, सासरी चालतो का ते विचारून घे.

आजोबांच्या हगादेच्या मराठी पानांचे फोटो पाठवतेय. अक्षर जुनं आहे, अडखळशील, हळूहळू वाच. ज्या पानावर तपकिरी ठिपके दिसतील ते दहा संकटांचं पान.

तुझी आई