स्पर्धा नको, दहा प्रयोग लावून द्या

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सांगलीतल्या तुमच्या संस्थेकडे यंदा दीड लाख रुपये आहेत, स्वतःचा लहानसा हॉल आहे, आणि बालनाट्य करू पाहणाऱ्या नव्या पोरापोरींना त्यातून हात द्यायचाय. कार्यकारिणीचा कल बालनाट्यलेखन स्पर्धेकडे आहे. वीसेक वर्षं पुण्यात याच उद्योगात घालवली, त्या जोरावर सांगतो: स्पर्धा नको.

स्पर्धांवर माझा राग नाही, मी स्वतः एकांकिका स्पर्धांतूनच आलो. पण लेखन स्पर्धेत होतं काय? पन्नाससाठ संहिता येतात. पन्नाशी ओलांडलेले तीन परीक्षक त्या वाचतात (मीही त्यांतला एक झालोय), 'छान संदेश' असलेल्या नाटकाला पहिलं बक्षीस जातं, शाल-श्रीफळ होतं आणि संहिता कपाटात पडते. या सगळ्यात मूल कुठेच नसतं. प्रयोगांच्या स्पर्धेत मुलं असतात, पण ती रंगमंचावर. समोर त्यांचे आईबाबा आणि परीक्षक. शासनाच्या राज्य बालनाट्य स्पर्धेमुळे गावोगावची मुलं रंगमंचावर उभी राहिली, ते मोलाचंच आहे. मात्र मुलांनी केलेलं नाटक निराळं आणि मुलांसाठी केलेलं निराळं. तुम्हाला दुसरं हवंय, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

आपल्याकडे ते कसं उभं राहिलं बघा. अभिनेत्री-दिग्दर्शिका सुधा करमरकरांनी १९५९ साली मुलांच्या नाटकांसाठी लिटल थिएटर सुरू केलं, तेव्हा पहिलं नाटक घेतलं 'मधुमंजिरी'. लेखक रत्नाकर मतकरी तेव्हा जेमतेम विशीचे. १९६२ मध्ये त्यांनी स्वतःची 'बालनाट्य' संस्था काढली आणि पुढे नाटकामागून नाटक लिहिलं. त्यांचं 'अलबत्त्या गलबत्त्या' २०१८ मध्ये नव्याने आलं, तेव्हा नातवंडांपेक्षा आजोबाच त्यातल्या चेटकिणीवर जास्त ओरडत होते. अडचण तिथेच आहे. आईबाप ओळखीच्या नावाचं तिकीट काढतात. नव्या नाटकाला रिकामा हॉल मिळतो, आणि तीन प्रयोगांत ते संपतं.

नव्या माणसाला खरी गरज असते ती चौथ्या, सातव्या, दहाव्या प्रयोगाची. मुलांचं नाटक तालमीत कळतच नाही. मोठे प्रेक्षक कंटाळले तरी भिडेखातर बसून राहतात. तिसरीतलं पोर पाण्याची बाटली उघडतं, शेजाऱ्याला कोपर मारतं, "बाई, शू" म्हणतं. एकाला लागली की रांगच लागते. आम्ही कच्च्या प्रयोगाला एकाला संहिता घेऊन मुलांच्या बाजूला बसवायचो आणि चुळबुळ सुरू झाली त्या ओळीवर पेन्सिलने रेघ मारायला सांगायचो. दोन शाळांत एकाच ओळीवर रेघ आली की तो प्रवेश कापायचा, लेखक कितीही रुसला तरी. प्रयोगानंतर मुलांना "आवडलं का?" मात्र विचारू नका, बाई उभ्या असतात, एकसुरात "हो" येतं. "आता गोष्ट तुम्ही सांगा" म्हणा. जे सांगताना गळतं, ते पोचलेलं नसतं.

पैशांचं मी असं करेन. लेखक-दिग्दर्शकाच्या तीन जोड्या निवडा. निवडताना पूर्ण संहिता मागू नका. एक प्रवेश आणि दोन पानांचं टिपण पुरे. प्रत्येक जोडीला पहिल्या खर्ड्यासाठी दहा हजार आणि तालमीला तुमचा हॉल फुकट. पुण्यामुंबईत नव्या लोकांचे पैसे तालमीच्या जागेतच मुरतात, तेव्हा ही मदत लहान समजू नका. महिन्या-दीड महिन्याने तिन्ही नाटकं कच्च्या स्वरूपात एखाद्या शाळेत दाखवा आणि दोन पुढे न्या. निर्मितीला प्रत्येकी तीस हजार. त्यात नेपथ्य टेम्पोत नव्हे, दोन रिक्षांत मावेल एवढंच होईल, आणि तेच बरं. या जोड्यांना वाट दाखवणाऱ्या एका अनुभवी माणसाच्या मानधनाला नि प्रवासाला पंधरा हजार धरा. उरले पंचेचाळीस. ते प्रयोगांची तूट भरायला राखून ठेवा, दोन्ही नाटकांचे मिळून दहा प्रयोग. शाळेला जमेल तेवढं शाळेने द्यावं, कमी पडेल ते तुम्ही भरा. कार्यकारिणी म्हणेल, हे पंचेचाळीस निर्मितीत घालू, पडदे चांगले येतील. ऐकू नका.

नट शक्यतो मोठे घ्यायला सांगा. १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत पुण्यात आणली आणि 'छान छोटे वाईट्ट मोठ्ठे' झालं. राजा नाही, राक्षस नाही, आपल्याच घरातली भांडणं. आणि मुलांच्या भूमिका मोठ्या माणसांनी केलेल्या. कलेचं कारण आहेच, पण व्यवहारही सुटतो. मंगळवारी सकाळी अकराला शाळेत प्रयोग करायचा तर बालकलाकाराची शाळा बुडते. शिवाय व्यावसायिक कार्यक्रमात चौदा वर्षांखालचं मूल घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांची मर्यादा, उत्पन्नातले किमान वीस टक्के मुलाच्या नावे ठेवीत, हे सगळं आलं.

अनुभवी माणूस निवडताना जपा. एका मुलीच्या नाटकाचा शेवट मी एकदा 'दुरुस्त' करून दिला. तिच्या शेवटात हरवलेलं मांजर सापडत नव्हतं, मी सापडवलं. प्रयोगात मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि बाहेर पडताना त्यावर एक अक्षर बोलली नाहीत. पुढच्या प्रयोगात तिने गुपचूप स्वतःचा शेवट परत आणला. मुलं तिला घेराव घालून विचारत होती, मांजर आता कुठे झोपत असेल? तेव्हापासून मी फक्त प्रश्न विचारतो, पेन खिशात ठेवतो. देणगीदारांनाही हेच लागू. मोबाइलचे दुष्परिणाम, स्वच्छता, झाडं लावा, असा विषय अडकवून पैसे देणारा आला तर चहा पाजून परत पाठवा.

कागदपत्रं दोनच, पण आधी करा. संहितेचे हक्क लेखकाकडे राहतील असं लिहून द्या. तिकीट लावून प्रयोग करणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (संहिता तपासून प्रयोगाला प्रमाणपत्र देणारं शासनाचं मंडळ) वेळेत पाठवा; प्रमाणपत्राशिवाय आदल्या दिवशी धावपळ होते.

शाळांच्या तारखा जुलै-ऑगस्टच्या किंवा सव्वीस जानेवारीनंतरच्या मागा. डिसेंबरात गॅदरिंग असतं, मुख्याध्यापक फोनही उचलत नाहीत. निदान दोन शाळा जिल्हा परिषदेच्या असू द्या. तिथला प्रेक्षक नाटक पहिल्यांदाच बघत असतो. काळोख झाला की किंचाळतो, नटाशी थेट बोलतो. नव्या दिग्दर्शकाची तिथे जी भंबेरी उडते ती त्याच्या फार कामाची.

तुमच्या हॉलला काळे पडदे आहेत का, आणि पंखे लावल्यावर शेवटच्या रांगेत ऐकू येतं का, तेवढं कळवा. त्यावरून किती मुलं बसवायची ते सांगतो.