अपवादानं सिद्ध होतो तो नियम कोणता?

प्रश्न असा: "'द एक्सेप्शन प्रूव्हज द रूल' असं इंग्रजीत सर्रास म्हणतात. पण अपवाद सापडला तर नियम खोटा पडायला हवा, सिद्ध कसा होईल? आणि मुलाखतीत असे वाक्प्रचार वापरावेत का?"

शंका रास्त आहे. या वाक्याचा आज जो वापर कानावर पडतो, त्यानं खरोखर डोकं उठतं. कुणी म्हणतं, डावखुऱ्या माणसांची चित्रकला चांगली असते. तुम्ही सांगता, माझा भाऊ डावखुरा आहे आणि त्याला साधं मांजर काढता येत नाही. लगेच उत्तर येतं, "एक्सेप्शन प्रूव्हज द रूल!" म्हणजे विधानाविरुद्ध पुरावा आला की त्यालाच विधानाचा पुरावा ठरवायचं. मराठीतही 'अपवादानं नियम सिद्ध होतो' म्हणून हीच पळवाट वापरली जाते.

मुळात हे कायद्याचं वाक्य आहे. पूर्ण लॅटिन सूत्र असं: 'एक्सेप्टिओ प्रोबात रेगुलाम इन कासिबुस नोन एक्सेप्टिस'. जे वगळलेलं नाही त्याच्या बाबतीत अपवाद नियम सिद्ध करतो. 'रविवारी येथे वाहने उभी करू नयेत' अशी पाटी वाचली की इतर दिवशी गाडी लावायला हरकत नाही, हे आपण न सांगता ओळखतो. नियम कुठेच लिहिलेला नाही, फक्त अपवाद लिहिलाय, आणि त्यावरूनच नियम कळला. इंग्रजीनं सूत्राचं शेपूट तोडलं, आणि सगळा अर्थ त्या शेपटातच होता.

यामागचा युक्तिवाद प्राचीन रोममधला वकील आणि वक्ता सिसेरो याचा आहे. इ.स.पू. 56 मध्ये बाल्बस नावाच्या गादेसच्या (आजचं स्पेनमधलं कादिस) माणसावर बेकायदा रोमन नागरिकत्व घेतल्याचा खटला चालला. त्यात काही जमातींशी झालेल्या तहांचा दाखला निघाला: 'यांच्यापैकी कुणाला रोमनं नागरिक करून घेऊ नये' असं त्यांत स्पष्ट कलम होतं. सिसेरोनं ते कलमच उलटवलं. तिथे मनाई मुद्दाम लिहावी लागली, तर जिथे ती लिहिलेली नाही तिथे परवानगी आहेच! बाल्बस सुटला, आणि पुढे रोमचा कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारीही झाला.

आता त्या मंडळींकडे वळतो जी ठासून सांगतात की इथे 'प्रूव्ह' म्हणजे 'कसोटी पाहणे'. अपवाद नियमाची परीक्षा घेतो, झालं. शब्दांच्या गोष्टी सांगणाऱ्या पुस्तकांत हे इतक्या वेळा छापलंय की लोकांना ते पाठ झालंय. 'प्रूव्ह'चा तो जुना अर्थ खरा आहे. पुडिंगची पारख खाऊनच होते, या इंग्रजी म्हणीत तो आजही आहे. पण या वाक्यात तो बसत नाही. 'न वगळलेल्या बाबतींत अपवाद नियमाची कसोटी पाहतो' या वाक्याला काही अर्थ लागतो का? शिवाय याच सूत्राच्या दुसऱ्या पाठात 'प्रोबात'च्या जागी 'फिर्मात' आहे, म्हणजे 'पक्का करतो'. तिथे कसोटी कुठून आणणार? एवढं पडताळून न पाहता व्युत्पत्ती सांगत सुटायचं, हा बेजबाबदारपणा आहे. इंग्रजीच्या वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरनं 1926 च्या त्या कोशात सैनिकांच्या बराकीचं उदाहरण देऊन कायद्याचा अर्थच मूळ ठरवला होता: 'आज रात्री अकरापर्यंत बाहेर राहायची खास सवलत' म्हटलं, की एरवी लवकर परतायचा नियम आहे हे आपोआप आलं.

पण मला खरा आनंद होतो तो पुढच्या गोष्टीचा. हाच विचार संस्कृत व्याकरणकारांनी सूत्रात बांधून ठेवलाय: 'पूर्वं ह्यपवादा अभिनिविशन्ते पश्चादुत्सर्गाः'. आधी अपवाद आपापल्या जागा घेतात, मग उरलेल्या जागेत उत्सर्ग, म्हणजे सर्वसाधारण नियम, येऊन बसतो. इ-पुढे स्वर आला की इ-चा य होतो: इति आणि आदि मिळून इत्यादि. पण पुढेही इ-च असेल तर दोन्ही मिळून दीर्घ ई: कवि आणि इंद्र मिळून कवींद्र, 'कव्यिंद्र' नव्हे. सजातीय स्वराचा प्रदेश अपवादानं घेतला, म्हणूनच विजातीय स्वरांचा सगळा प्रदेश नियमाकडे निर्विवाद राहिला. लॅटिन सूत्राचं तुटलेलं शेपूट इथे शाबूत आहे! माझं तर ठाम मत आहे की इंग्रजी वाक्प्रचार शिकवताना हे सूत्र शेजारी ठेवावं. 'अपवाद' हा शब्द आपल्याकडे व्याकरणाच्या या परंपरेत इतका काटेकोर घडलेला असताना इंग्रजीतला अर्धवट अर्थ त्याच्यावर लादायचा कशाला? लोकापवादातला 'अपवाद' म्हणजे निंदा. तीही याच शब्दाची दुसरी शाखा, पण तो वेगळा विषय.

मुलाखतीबद्दल: पाटीसारखा प्रसंग असेल, म्हणजे दिलेल्या सवलतीवरून न लिहिलेला नियम दाखवायचा असेल, तर हा वाक्प्रचार जरूर वापरा. आपल्याविरुद्ध उदाहरण आलं म्हणून वापरणार असाल, तर 'हे उदाहरण माझ्या विधानात बसत नाही' एवढं सरळ सांगा.