घरच्या घरी किचन कॅबिनेटचे रेज्ड पॅनल दरवाजे करायला कोणतं राऊटर बिट घ्यावं? पॅनल फ्रेममध्ये चिकटवायचं की नाही?

पॅनल, म्हणजे फ्रेमच्या खाचेत बसणारी, कडांना उतरती केलेली मधली फळी, चिकटवू नका. बिटचं, म्हणजे राऊटर या कोरणाऱ्या यंत्रात बसणाऱ्या पात्याचं, नंतर बघू.

तुमच्या प्रश्नात दोन वाक्यं अशी आहेत की ती वाचून मला गप्प बसवेना. ओळखीच्या सुताराने तुम्हाला सांगितलं की खाचेत फेविकॉल भरून पॅनल घट्ट बसवा, नाहीतर दार खडखडतं. आणि लाकूड जुन्या वाड्याचं सागवान आहे, ते वाळून वाळून मेलंय, आता फुगत नाही की आकसत नाही. ही दोन्ही वाक्यं मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून ऐकली आहेत, आमच्याच स्वयंपाकघरात उभं राहून. दोन्ही चूक आहेत.

आमचं घर साताऱ्याचं. मागची माडी उतरवली तेव्हा तुळया आणि कडीपाटाचं सागवान चांगलं निघालं. ते विकायचं नाही, आईच्या ओट्याभोवतीची कपाटं त्याच लाकडाची करायची, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. करायची कोणी, यावर नव्हतं. मी मागच्या पडवीत एक बाकडं, एक छोटं बेंच सॉ, एक राऊटर आणि वडिलांचे रंधे एवढ्यावर काम करतो. नोकरी वेगळी आहे, पण हे काम मी मन लावून करतो. दादाचं म्हणणं, घरातली कायमची वस्तू आहे, हौशी माणसाकडे कशाला, कॉन्ट्रॅक्टरला देऊ. शेवटी आईने तोडगा काढला. गॅसच्या बाजूची भिंत माझी, फ्रिजच्या बाजूची कॉन्ट्रॅक्टरची. लाकूड एकच, एकाच सॉ मिलवर एकाच दिवशी फाडून आणलेलं. नमुना एकच. पॉलिशवालाही एकच. फरक होता तो फक्त पॅनल खाचेत कसं बसवलं यात.

काम पावसाळ्यात झालं. गणपतीच्या आधी आईला स्वयंपाकघर हवं होतं. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने खाचेत सरळ फेविकॉल ओतला, पॅनल ठोकून बसवलं आणि मागून चुका, म्हणजे बारीक खिळे, मारल्या. मी दादाला तेव्हाच म्हटलं, हे उन्हाळ्यात फाटणार. तो म्हणाला, "शंभर वर्षांचं लाकूड आहे, त्याला काय धाड भरलीय?"

म्हणून मी त्याला उतरवलेल्या माडीचं दार दाखवलं. ते पडवीतच उभं होतं. त्याचंही पॅनल फ्रेममध्ये खाचेत बसवलेलं, पण सरसाचा एक थेंब नाही. फ्रेमचं कुसू, म्हणजे पट्टीचं सांध्यात शिरणारं टोक, लाकडी खुंटीने आवळलेलं आणि पॅनल मोकळं. हाताने ढकललं तर सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, सरकत होतं. पॅनलच्या कडेला रंग न लागलेली कच्च्या लाकडाची पट्टी दिसत होती, म्हणजे ते वर्षानुवर्षं आतबाहेर होत आलेलं. ज्या सुताराने ते केलं त्याच्याकडे राऊटर नव्हता, पण लाकूड कळत होतं. तेच दार दर आषाढात चौकटीला घासायचं आणि दिवाळीनंतर आपोआप सुटं व्हायचं, हे दादाने लहानपणापासून पाहिलेलं. लाकूड मेलं असतं तर घासलं कशाला असतं?

लाकूड एकदा वाळलं की काम संपलं असं नसतं. ते हवेतला ओलावा दर पावसाळ्यात घेतं आणि दर उन्हाळ्यात सोडतं, मग ते पाच वर्षांचं असो की दीडशे. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी हलतं, म्हणूनच त्याचा एवढा मान. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. फळीच्या तोंडावर वर्षवलयं आडवी दिसत असतील तर ओलाव्यात एका टक्क्याचा फरक पडला की सागवानाची रुंदी साधारण ०.१९ टक्के बदलते. वलयं उभी असतील तर साधारण निम्मी. लांबीत जवळजवळ काहीच नाही. आमच्याकडे एप्रिल-मे आणि जुलै-ऑगस्ट यांत लाकडाच्या ओलाव्यात सात-आठ टक्क्यांचा फरक धरून चालावं. चौदा इंच रुंद पॅनल असेल तर हिशेब दीड-पावणेदोन सुतावर जातो. फ्रेमच्या उभ्या पट्ट्या लांबीत हलत नाहीत, आडव्या पट्ट्याही नाहीत, म्हणजे चौकोन जागच्या जागी आणि आतलं पॅनल पावणेदोन सूत कमीजास्त. चिकटवलंत तर त्या पावणेदोन सुतांनी जायचं कुठे?

आमच्याकडे ती जागा मार्चअखेर सापडली. दुपारी मोठा आवाज झाला, आईला वाटलं भांडं पडलं. फ्रिजच्या बाजूचं सगळ्यात रुंद दार मधोमध उभं तडकलं होतं. मे संपेपर्यंत त्या भिंतीवरच्या आणखी दारांना चिरा गेल्या, काही सांध्यावर, काही सरळ लाकडातून. माझी भिंत गॅसच्या बाजूला, म्हणजे उष्णता तिकडे जास्त, तिथे एकही चीर नाही.

इथे विषय संपायला हवा होता. पण कॉन्ट्रॅक्टरने येऊन चिरांमध्ये भुसा आणि फेविकॉल कालवून केलेली लांबी (पुट्टी) भरली, वरून पॉलिश मारलं, आणि दादाने मला दाखवलं की बघ, दिसतही नाही. जुलैत पॅनल परत फुगलं. आता चीर मिटायला मोकळी जागाच नव्हती, ती लांबीने भरलेली. मग जोर फ्रेमवर आला आणि कोपऱ्यातले सांधे उघडले. एका दाराची आडवी पट्टी कुसवापासून इतकी सुटली की नखाने चाचपता येत होती. चिरेत भरणी करणं हा उपाय नाही, पुढच्या मोडतोडीची सोय आहे. हे कृपया तुमच्या सुतारालाही सांगा.

दादाचं म्हणणं आजही असं की त्या बाजूचं लाकूडच वाईट निघालं. तुळई एकच होती. एका तुळईच्या डावीकडचं लाकूड गुणी आणि उजवीकडचं अवगुणी, असं होत नाही.

आता खडखडण्याचं. मोकळं पॅनल वाजतं ही भीती खरी आहे, पण ती फेविकॉलने घालवायची नसते. पॅनलची जीभ, म्हणजे खाचेत शिरणारी पातळ कड, हाताच्या दाबाने सरकेल एवढी बेताची करा, हातोडी लागता कामा नये. सैल झालीच तर खाचेत रबराचे छोटे तुकडे घाला, ते दबतात आणि पुन्हा फुलतात. आणि पॅनलच्या वरच्या व खालच्या कडेला, अगदी मधोमध, मागच्या बाजूने एकेक बारीक चूक मारा. तेवढीच. मग पॅनल मधोमध धरलेलं राहतं आणि दोन्ही बाजूंना सारखं हलतं. आमची दारं वाजत नाहीत. आईला विचारा.

मापं अशी धरा. फ्रेम सहा सूत जाड, पट्टी सव्वादोन इंच रुंद, खाच दोन सूत रुंद आणि तीन सूत खोल. दार अठरा इंच रुंद असेल तर आतली मोकळी जागा साडेतेरा इंच, त्यात दोन्हीकडच्या खाचा धरून सव्वाचौदा. उन्हाळ्यात करत असाल तर पॅनल चौदा इंचच ठेवा, दोन्ही बाजूंना एकेक सूत फुगायला मोकळं. श्रावणात करत असाल तर ते आधीच फुगलेलं आहे, एवढी जागा सोडायची गरज नाही, अर्धं सूत पुरे. उंचीकडे, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने, जेमतेम बसण्यापुरती सैल ठेवली की झालं. रेषा उभ्याच ठेवा. आणि पॅनलला पॉलिश फ्रेममध्ये घालण्याआधी करा, जिभेसकट. नाहीतर मे महिन्यात कडेला कच्च्या लाकडाची फिकट रेघ उघडी पडते आणि घरातले लोक म्हणतात, सुताराने काम अर्धवट टाकलं.

बिट. तुम्ही आडवं पॅनल बिट विचारताय, ते सव्वातीन इंच व्यासाचं. तुमच्याकडे सहा मिलिमीटर कॉलेटचा (बिट धरणाऱ्या पकडीचा) ट्रिमर, म्हणजे छोटा हातराऊटर, आहे असं लिहिलंय. त्यात ते बसत नाही आणि जुगाड करून बसवूही नका. एवढं बिट बावीस हजार फेऱ्यांवर फिरलं तर त्याच्या धारेचा वेग ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास जातो. त्याला अर्धा इंच शँक (पकडीत जाणारा दांडा), वेग दहा-बारा हजारांवर आणता येणारा दणकट राऊटर आणि टेबल लागतंच लागतं, हातात धरून ते कधीही नाही. कट तीन-चार टप्प्यांत, शेवटचा अगदी पातळ. टेबलावर लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवायचं. उभं बिट व्यासाने लहान असतं, त्यामुळे घरच्या शॉपला जास्त सुरक्षित, पण पॅनल उभं धरायला उंच फेन्स, म्हणजे टेकवायचा आडोसा, करावं लागतं.

माझं स्पष्ट मत, एका स्वयंपाकघरापुरत्या दारांसाठी पॅनल बिटवर पैसे घालू नका. बेंच सॉचं पातं दहा-बारा अंश कलतं करा, उंच फेन्सला पॅनल टेकवून उतार कापा आणि रंध्याने साफ करा. मी तसंच केलं. आधी रेषांना आडव्या असलेल्या दोन कडा, मग उभ्या. आडव्या कडेला टोकाशी लाकूड फुटतंच, ते नंतरच्या उभ्या कटात निघून जातं. रंध्याने सगळं केलंत तरी क्रम हाच. उतार सरळ येतो, बिटसारखी गोलाई येत नाही, पण सागवानावर सरळ उतार जास्त शोभतो असं मला वाटतं. आमच्या माडीच्या दाराचा उतारही सरळच होता.

पैसे घालायचेच असतील तर फ्रेमच्या बिटच्या जोडीवर घाला, एक खाच व गोलाई काढणारं आणि दुसरं आडव्या पट्टीच्या टोकाला त्याचा उलटा आकार देणारं. जोडी एकाच सेटमधली घ्या. आडव्या पट्ट्यांची टोकं आधी काढा, मागे टाकाऊ ठोकळा धरून, मग सगळ्यांच्या खाचा. मोठ्या दारांना मात्र त्या जोडीचा बुटका सांधा मला पुरेसा वाटत नाही, तिथे मी खरं कुसू घालतो, निदान सव्वा इंच लांब.

काही गोष्टी राहिल्या. जुन्या तुळयांमध्ये मोडके खिळे असतात, रंध्याला किंवा सॉला लावण्याआधी प्रत्येक फळीवरून चांगलं चुंबक फिरवा, खोल गेलेले खिळे त्यालाही सापडत नाहीत म्हणून काळा डाग दिसेल तिथे थांबा. पांढरट भाग, म्हणजे बाहेरचं कच्चं लाकूड, दारात घेऊ नका, त्याला भुंगा लागतो. सागवान तेलकट असल्यामुळे कुसवाला फेविकॉल लावण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसून लगेच जोडा. हो, कुसवाला फेविकॉल लावायचाच, मी विरोधात आहे तो फक्त पॅनलच्या खाचेतल्या फेविकॉलच्या. सागाचा भुसा नाकाला आणि कातडीला झोंबतो, मास्क लावा.

आणि पॅनल एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) किंवा प्लायचं असेल तर मी वर लिहिलेलं बरंचसं लागू नाही. ते रुंदीत फारसं हलत नाही, खुशाल चिकटवा, दार उलट भक्कम होतं. रंग मारायचा असेल तर एमडीएफ सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, कापून घेतलेलं स्वस्त आणि चांगलं, त्यात कमीपणा काही नाही. फक्त सिंकखालच्या कपाटाला नको, पाणी लागलं की ते पावासारखं फुगतं आणि पुन्हा बसत नाही.

तुमच्या सुताराला शंका असेल तर त्याला एवढंच करायला सांगा. चौदा इंची फळीच्या रुंदीवर पेन्सिलीने आजचं माप लिहून ती घरातच कपाटावर ठेवा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मोजा. मी दादासाठी अशी फळी माळ्यावर ठेवली आहे. त्याने अजून मोजलेली नाही.

फ्रेमची जाडी नक्की किती निघाली ते कळवा, सहा सुतापेक्षा कमी असेल तर बिटची जोडी वेगळी घ्यावी लागेल.