जर्मनीची थंडी आणि तुमची मुलगी

प्रश्न : माझी मुलगी नाशिकला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र, सरासरी ६८ टक्के. २०१० साली जर्मनीत ऊर्जेचा वापर का वाढला, यावर तिनं कॉलेजात प्रकल्प केला आणि आता याच क्षेत्रात जायचं म्हणते. ऊर्जा हे इंजिनिअरचं काम. थंडी पडली की जळण जास्त लागतं, हे सांगायला पदवी कशाला हवी? मी तिचा बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरला आहे आणि परीक्षा होईपर्यंत लॅपटॉप माझ्याकडे ठेवला आहे. ती हल्ली घरात फारशी बोलत नाही. तिला समजावून सांगावे.
– एक वडील

उत्तर : ६८ टक्क्यांची मला काळजी वाटत नाही. लॅपटॉपची वाटते. मतदान करणाऱ्या वयाच्या मुलीचा फॉर्म तुम्ही भरलात, तिचं काम कपाटात ठेवलंत, आणि ती बोलत नाही हे पत्राच्या शेवटी जाता जाता सांगितलंत. मी ते वाक्य सर्वांत आधी वाचलं असं समजा. अशी मुलं परीक्षेला बसतात, कधी कधी पासही होतात, पण त्यानंतर घरी काहीच विचारत नाहीत. बँकेची नोकरी चांगली आहे, तिच्या पोटापाण्याची तुमची चिंताही खरी आहे. पण ती नोकरी तिला शिक्षा म्हणून मिळू नये.

आता तुमचा थंडीचा प्रश्न. त्याला नीट उत्तर द्यायला हवं, कारण बरेच पालक हेच विचारतात. २००९ च्या मंदीत जर्मन अर्थव्यवस्था पाच टक्क्यांच्या आसपास आक्रसली होती. २०१० मध्ये ती सावरली, पोलादाचं उत्पादन सुमारे ३.३ कोटी टनांवरून ४.४ कोटी टनांच्या घरात गेलं. त्याच वर्षी जानेवारी कडक होता, आणि डिसेंबर तर चाळीसेक वर्षांतला सर्वांत थंड. देशाचा एकूण ऊर्जावापर चार टक्क्यांहून जास्त वाढला. यात भट्ट्यांचा वाटा किती आणि घर गरम ठेवण्याचा किती? हे अंदाजानं सांगता येत नाही. तिथं ज्या दिवशी बाहेरचं सरासरी तापमान १५ अंशांच्या खाली जातं, त्या दिवशी ते २० अंशांपेक्षा किती कमी आहे ते मोजतात. उणे ५ असेल तर २५, १० असेल तर १०, आणि १६ असेल तर शून्य. वर्षभराची ही बेरीज नेहमीच्या वर्षांशी ताडून पाहिली की थंडीचा वाटा वेगळा काढता येतो. तो काढला नाही तर काय होतं? २०११ मध्ये जर्मन अर्थव्यवस्था वाढतच होती, तरी ऊर्जेचा वापर पाचेक टक्क्यांनी घसरला. नुसता आकडा पाहणारा म्हणेल, कारखाने पुन्हा थंडावले. प्रत्यक्षात मोठं कारण होतं सौम्य हवामान. आणखी एक गुंता आहे. तिथली अनेक घरं गरम ठेवण्यासाठी लागणारं तेल टाकीत साठवतात, त्यामुळे विकलं गेलेलं तेल त्याच वर्षी जळालं असं धरता येत नाही. हे सगळं सोडवणं संख्याशास्त्राचं आणि अर्थशास्त्राचं काम आहे. इंजिनिअर वीज तयार करतो, ती उद्या किती लागेल हे दुसऱ्या कुणाला तरी सांगावं लागतं.

आणि हे काम आपल्याकडेही रोज चालतं. दुसऱ्या दिवसाच्या विजेचं वेळापत्रक १५-१५ मिनिटांच्या ९६ भागांत आखलं जातं. अंदाज चुकला तर ऐनवेळी महाग वीज घ्यावी लागते किंवा भारनियमन करावं लागतं. फक्त आपलं गणित जर्मनीच्या उलट आहे. इथं मागणी उन्हाळ्यात चढते, आणि हिवाळ्यात रब्बीच्या पंपांचा भार असतो. वीज वितरण कंपन्या, नियामक आयोग, वीज बाजार, सल्लागार संस्था, सगळीकडे असे लोक लागतात.

वाटा परिचयाच्या आहेत : पुण्याची गोखले संस्था, मुंबईतली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, भारतीय सांख्यिकी संस्था. प्रवेश परीक्षा कठीण आहेत, गणित पक्कं लागतं. या परीक्षांची तयारी आणि बँकेची परीक्षा एकाच वर्षी करता येईल, पण तो निर्णय तिचा.

तिला समजावण्याचं काम मी करणार नाही. लॅपटॉप आज परत द्या, आणि परत देताना अट घालू नका. मग तो प्रकल्प तिला तुमच्यासमोर समजावून सांगायला सांगा, आणि मध्ये न बोलता ऐका. तिला मला काही विचारायचं असेल तर तिनं स्वतः लिहावं. जर्मनीची पद्धत नाशिकच्या उन्हाळ्याला कशी लावायची, हे तिनं विचारलं तर मला फार आवडेल. ते पत्र पाठवण्याआधी तुम्ही वाचू नका.