साठ्याचा अंदाज सॉफ्टवेअरवर सोपवावा का?

प्रश्न : कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत शेतीपंपांच्या सुट्या भागांचा आमचा कारखाना आहे. जीएसटी लागू झाल्यापासूनची, म्हणजे जुलै २०१७ पासूनची, सर्व बिले टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्यांवर मशीन लर्निंग (जुन्या नोंदींवरून संगणकाने स्वतःच अंदाज बांधण्याची पद्धत) चालवून कोणता भाग केव्हा लागेल हे ९५ टक्के अचूक सांगू, असे एक सॉफ्टवेअर विक्रेते म्हणतात. घ्यावे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : घ्यावे, पण लगेच नव्हे, आणि ९५ टक्क्यांच्या भरवशावर तर नव्हेच. एखादा भाग शंभर दिवसांत पाचच दिवस विकला जात असेल, तर रोज ‘आज विक्री नाही’ एवढेच सांगणारा प्रोग्रॅमही ९५ टक्के अचूक ठरतो. चुकतो तो नेमका गरजेच्या पाच दिवशी. म्हणून विक्रेत्यांना ३१ मार्च २०२४ पर्यंतचीच बिले द्या, २०२४-२५ चा महिनावार अंदाज मागा आणि तो झालेल्या विक्रीशी ताडून पाहा. ‘गेल्या वर्षी याच महिन्यात गेले तेवढेच’ हा साधा ठोकताळाही शेजारी मांडा. त्याहून सरस नसेल, तर पैसे घालू नका.

मला अधिक काळजी वाटते ती नोंदींची. बिलात फक्त विकलेला माल असतो; गिऱ्हाइकाने मागितलेला, पण शिल्लक नसलेला माल त्यात कोठेच दिसत नाही. ऐन उन्हाळ्यात इंपेलर (पंपात फिरून पाणी ढकलणारा भाग) संपला आणि तीन आठवडे तयार झाला नाही, तर त्या काळात मागणीच नव्हती असे सॉफ्टवेअर धरून चालेल आणि पुढच्या उन्हाळ्यात साठा आणखी कमी ठेवायला सांगेल. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधला कृष्णेचा महापूर किंवा २०२० ची टाळेबंदी यांमुळे पडलेली विक्रीही त्याला आपणहून ओळखता येत नाही. ते महिने वेगळे काढून द्यावे लागतात, आणि बाहेरगावच्या विक्रेत्यापेक्षा ते तुम्हालाच नीट जमेल. ‘बेअरिंग ६२०५’, ‘६२०५ बेअरिंग’ आणि ‘बेरिंग ६२०५’ अशी एकाच मालाची तीन खाती पडली असतील, तर तीही आधी एक करा.

टॅलीत सेल्स ऑर्डर नोंदवण्याची सोय आहे. माल शिल्लक असो वा नसो, आलेली प्रत्येक मागणी आजपासून तेथे नोंदवण्यास स्टोअरकीपरना सांगा. एक उन्हाळा या नोंदी झाल्या, की विक्रेत्यांना पुन्हा बोलवा.